एल, आय आणि मग काहीच नाही

१९९९ च्या मे महिन्यातली रात्र. चंद्रपुरातल्या एका डीटीपीच्या दुकानात आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो होतो. पडद्यावर दोनच अक्षरं होती, एल आणि आय. पुढे काही उमटत नव्हतं. संगणक दुकानवाल्या भाऊंचा, आत लग्नसराईच्या पत्रिका. जाताना ते बजावून गेले होते, "पोट्टेहो, सकाळी नवाला छपाई आहे. तेवढं ध्यानात ठेवा बा."

आम्ही त्यावर लिनक्स टाकत होतो. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचंच कर्नल आहे. पण त्याचा जन्म छंदातून झाला. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जाहीर केलं की तो एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, निव्वळ हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. (गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे लिनक्स आमच्या शेजारच्या जिल्ह्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटं, एक दिवस कमी.) १९९३ साली स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती आली तीच २४ फ्लॉप्यांवर मावेल अशी. आमच्यापर्यंत ते पोचलं सीडीवरून. तेव्हा पीसीक्वेस्टसारख्या मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळायची आणि ती अख्ख्या वर्गात फिरायची. डायल-अपवरून ६५० एमबी उतरवायचे तर चाळीसेक तास फोन गुंतून राहिला असता.

पण सीडी हातात असून भागत नसे. सीडीवरून संगणक सुरू करण्याचं 'एल टोरिटो' हे मानक १९९५ चं. जुन्या मदरबोर्डांना ते ठाऊकच नव्हतं. मग आधी बूट फ्लॉपी बनवायची. फ्लॉपी म्हटल्यावर तुम्हाला 'सेव्ह'चं चिन्ह आठवेल, तीच ती. तिच्या दोन बाजू, प्रत्येकीवर ८० ट्रॅक, दर ट्रॅकला १८ सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार करा, १४,७४,५६० बाइट. बूट इमेजची फाइल नेमकी तेवढीच. 'रॉराइट' नावाचा छोटा डॉस प्रोग्राम ती फाइल सेक्टरमागून सेक्टर जशीच्या तशी फ्लॉपीवर उतरवायचा. इथेच गोम होती. साधी फाइल कॉपी करताना डॉस खराब म्हणून नोंदलेला सेक्टर टाळून पुढे जातं. रॉराइटला ती मुभा नाही. एक सेक्टर गेला की फ्लॉपी गेली. माझा मित्र आरमोरीहून एसटीने यायचा, चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात, फ्लॉप्या डब्याच्या पिशवीत घालून. त्याच्या तीन वाया गेल्या. चौथी दुकानातली कोरी घेतली, आधी पूर्ण फॉरमॅट करून तपासली, आणि मग ती चालली.

लिनक्स बसलं, संगणक परत सुरू केला, आणि ही दोन अक्षरं.

पहिला संशय विषाणूवर. डीटीपीच्या दुकानात गावभरच्या फ्लॉप्या येतात, आणि बूट सेक्टर ही तेव्हाच्या विषाणूंची लाडकी जागा. चुकून फ्लॉपी आत राहिली आणि संगणक सुरू केला, की झालं. १९९० साली भारतात सापडलेल्या एकाचं नाव तर 'जोशी' होतं. ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही. आडनावामुळे मराठी माणसाला उगाच घरचा वाटावा असा विषाणू! पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी १९९५ साली डॉससाठी क्विक हील काढलं, ते याच फ्लॉपीच्या काळात.

आम्ही खिडकी उघडी ठेवून रायटिंग बंद केलेल्या स्वच्छ डॉस फ्लॉपीवरून संगणक उठवला आणि तपासणी केली. काही निघालं नाही. मग 'एफडिस्क /एमबीआर' ही आज्ञा दिली. ती डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला बूट कोड नव्याने लिहिते. तपासणी आधी का, तर काही विषाणू पार्टिशनची माहितीच हलवून ठेवतात. अशा वेळी ही आज्ञा दिली तर सगळंच हातचं जातं. विंडोज उठलं. पत्रिका जागच्या जागी होत्या. रात्रीचे दोन वाजले होते आणि माझ्या मते घरी जायला हरकत नव्हती.

मित्र हलेना. सीडीवरच्या माहितीत त्याला ती अक्षरं सापडली. लिलो, म्हणजे लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम, आपलं नाव एकदम छापत नाही. प्रत्येक टप्पा पार पडला की एकेक अक्षर. एल-आय वर थांबला म्हणजे दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला, पण चालवता आला नाही. नेहमीचं कारण, डिस्कच्या मोजमापातली तफावत. बायोसकडे सिलिंडर क्रमांकासाठी दहाच बिट, म्हणजे १०२४ सिलिंडर. मोठी डिस्क त्यात बसवायला बायोस हेडची संख्या फुगवून सांगतं, २५५ पर्यंत. लिनक्स त्याच डिस्कचे हेड वेगळे मोजत होतं. एकाच घराचे दोन पत्ते, आणि पोस्टमन भलत्याच दारात.

उपाय एका शब्दाचा होता. डॉसमधून 'लोडलिन' वापरून लिनक्स चालू केलं, लिलोच्या फाइलमध्ये 'लिनियर' ही ओळ घातली आणि लिलो पुन्हा बसवला. आता तो सेक्टरचा सरळ क्रमांक लक्षात ठेवणार आणि पत्ता काढताना बायोसलाच विचारणार. चारही अक्षरं आली. मित्राने टेबलावर थाप मारली तेव्हा बाहेर कुत्री भुंकली.

साडेआठला भाऊ आले. बटण दाबलं, पडद्यावर 'लिलो' येऊन थांबलं. भाऊ थोडा वेळ बघत राहिले. "हे का आहे गा?" आम्ही सांगितलं. "राहू द्या," ते म्हणाले, "पण माझं आधी आलं पाहिजे." लिलोच्या फाइलमध्ये वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. मित्राने तिथे ५० लिहिलं आणि खाली विंडोज. पाच सेकंद कुणी काही दाबलं नाही की भाऊंचं विंडोज. नऊला प्रिंटर चालू झाला होता.