तळटीप : ‘जामीन’

१. जामीन — अरबी मूळचा हा शब्द फारसी दफ्तरांच्या मार्गाने मराठीत आला. जुन्या मराठीत त्याने मुक्ततेचा हुकूम नव्हे, तर हमी घेणारा मनुष्यच अभिप्रेत असे. मनुष्यास हजर करण्याचे दायित्व पत्करणारा तो ‘हाजीरजामीन’ आणि द्रव्याची हमी घेणारा तो ‘मालजामीन’. १८९७ साली पुण्याच्या ‘केसरी’तील लेखनावरून राजद्रोहाचा आरोप आलेल्या लोकमान्य टिळकांना मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामिनावर मुक्त केले, तेव्हा टिळकांच्या वतीने दिनशा दावर यांनी युक्तिवाद केला होता; १९०८ साली तेच दावर न्यायासनावर असता त्यांनी टिळकांचा जामीन नामंजूर केला. आज पुण्यातील शिवाजीनगर येथील जिल्हा व सत्र न्यायालयात जामिनाचे अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ अन्वये चालतात. जामीनदार परजिल्ह्यातील आहे एवढ्याच कारणास्तव तो नाकारू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम प्रकरणी १९७८ साली दिला. ज्याचा अपराध सिद्ध झालेला नाही, त्याने केवळ ऐपतीच्या अभावी कोठडीत खितपत पडावे, हा न्याय नव्हे. — संपादक