तळटीप : ‘टेकडीवरचा तोफांचा बुरूज’

१. लेखकाने इथे उल्लेखलेली जागा म्हणजे सिंगापूरमधील माउंट पामर ही टेकडी आणि तिच्यावरचा फोर्ट पामर. ‘बुरूज’ म्हटल्याने मराठी वाचकासमोर विजयदुर्ग उभा राहील. प्रत्यक्षात ही एकोणिसाव्या शतकातली तोफांची मोर्चेबंदी होती. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी सिंगापूरच्या बचावाची नव्याने आखणी केली. ते काम मद्रास इंजिनिअर्सच्या कॅप्टन कॉलियरकडे होते. फोर्ट कॅनिंग उभा राहिला तोही याच आखणीतून. पामरच्या तोफांचा रोख बंदराच्या पूर्वेकडील वाटेवर होता. १८६४ मध्ये तांजोंग पगार डॉक कंपनी स्थापन झाल्यावर त्या वाटेचे मोल फारच वाढले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की याच टेकडीवर पारशी व्यापाऱ्यांची दफनभूमी होती. मुंबईत दखमा (मृतदेह उघड्यावर ठेवण्याचा मनोरा) असलेल्या समाजाला परमुलुखात जमिनीचा आसरा घ्यावा लागला, ही गोष्ट कुठल्याही तोफेपेक्षा अधिक लक्षात ठेवण्याजोगी वाटते. १८६६ मध्ये वारलेले सूफी संत हबीब नूह यांचा दर्गाही तिथेच आहे.

पुढे समुद्रात भराव टाकण्यासाठी टेकडी खोदली गेली आणि किल्ला नाहीसा झाला. दफनभूमीही हलवावी लागली. दर्गा मात्र जागेवर राहिला. आज तिथे जाणाऱ्याने पामर रोड आणि पारसी रोड या दोन पाट्या शोधाव्यात. समुद्र आता बराच दूर गेला आहे.