मद्यपानविषयक उपरोधचित्रे

मद्यगृहातील जीवन, जुगार, वेश्यागमन इत्यादी दुर्व्यसनांचे उपरोधपूर्ण चित्रण करणारी मुद्राचित्रे. ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापली जात व चौकटीत बसवून घरांच्या, कॉफीगृहांच्या आणि मद्यगृहांच्या भिंतींवर लावली जात. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा प्रकार विशेष भरभराटीस आला. विल्यम हॉगर्थ (१६९७–१७६४) हा त्याचा अग्रगण्य चित्रकार होय.

मद्यगृहातील प्रसंग हा विषय मात्र त्याहून जुना आहे. सतराव्या शतकात आड्रियान ब्राउवर, आड्रियान व्हान ओस्टाडे, यान स्टेन या फ्लेमिश व डच चित्रकारांनी मद्यपी शेतकरी, भांडणे, गाणीबजावणी यांची विनोदी चित्रे रंगविली. परंतु रंगविलेले चित्र एकाच घरी जाते, तर कोरलेल्या एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघतात. हॉगर्थच्या यशाचे मर्म या फरकात आहे.

हॉगर्थचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले होते आणि तो स्वतः चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करीत होता. अ हार्लट्‌स प्रोग्रेस (१७३२) ही त्याची सहा चित्रांची मालिका खेड्यातून लंडनला आलेल्या व वेश्याव्यवसायात ओढल्या गेलेल्या मुलीची कथा सांगते. आगाऊ वर्गणी घेऊन एक गिनी दराने तिचे बाराशेंहून अधिक संच विकले गेले. सरदारांच्या आश्रयावाचून मध्यमवर्गीय ग्राहकांच्या बळावर चित्रकाराला स्वतंत्रपणे जगता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले. चोरट्या नकलाही तितक्याच झपाट्याने बाजारात आल्या. तेव्हा हॉगर्थ व त्याच्या सहव्यावसायिकांनी संसदेकडे दाद मागितली आणि कोरीव चित्रांच्या निर्मात्यांना चौदा वर्षांचे स्वामित्व देणारा कायदा संमत झाला. २५ जून १७३५ रोजी तो अंमलात येईपर्यंत हॉगर्थने आपली पुढची मालिका रोखून धरली होती.

अ रेक्स प्रोग्रेस ही ती आठ चित्रांची मालिका. बापाचा पैसा हाती आलेला टॉम रेकवेल मद्य, स्त्रिया व जुगार यांत तो उधळतो आणि कर्जदारांच्या तुरुंगातून अखेर वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो. तिसऱ्या चित्रात तो लंडनच्या ‘रोझ’ मद्यगृहात झिंगून पडला असून एक स्त्री त्याचे घड्याळ लांबवीत आहे. मागील भिंतीवर रोमन सम्राटांच्या तसबिरी आहेत. त्यांपैकी नीरोखेरीज इतरांचे चेहरे फाडलेले दिसतात. असे तपशील पुनःपुन्हा पाहून उलगडावे लागत आणि म्हणूनच ही चित्रे रोज नजरेसमोर भिंतीवर ठेवण्यास योग्य ठरली.

उपदेश आणि करमणूक यांतील ओढाताण मात्र या प्रकारात अटळ होती. अ मिडनाइट मॉडर्न कॉन्व्हर्सेशन (१७३३) या चित्रात पंचपात्राभोवती बसलेले अकरा पुरुष नशेच्या निरनिराळ्या अवस्थांत दाखविले आहेत. हे चित्र इतके लोकप्रिय झाले, की त्याच्या नकला तपकिरीच्या डब्यांवर आणि खुद्द मद्य वाढण्याच्या पात्रांवर उमटल्या. ज्यांची टवाळी करावयाची, त्यांच्याच मेजवानीची ती शोभा बनली.

१७५१ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेली बिअर स्ट्रीट व जिन लेन ही जोडचित्रे या परंपरेतील सर्वांत परिणामकारक होत. पहिल्यात बिअर पिणारे कारागीर धष्टपुष्ट व कामसू आहेत आणि फक्त सावकाराचे घर मोडकळीस आले आहे. दुसऱ्यात उलट सावकाराची भरभराट आहे. भोवती घरे कोसळत आहेत आणि पायऱ्यांवर बसलेल्या धुंद आईच्या हातून मूल खाली पडत आहे. किंमत प्रत्येकी एक शिलिंग होती. अत्यंत गरिबांना तीही परवडण्याजोगी नव्हती. तथापि दुकानांच्या खिडक्यांतून आणि मद्यगृहांच्या भिंतींवरून अशी चित्रे न विकत घेताही पाहता येत. त्याच वर्षी जिनच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. हेन्री फील्डिंगच्या गुन्हेगारीवरील पुस्तिकेबरोबर या चित्रांनीही त्यासाठी लोकमत तयार केले. पुढे जिनचा खप घटला. त्याला महागलेले धान्यही कारण होते. मात्र धान्यापासून मद्य गाळण्यास उत्तेजन देणारा कायदा १६९० मध्ये संसदेनेच केला होता आणि त्याचा लाभ जमीनदारांना मिळाला होता. जिन लेनमध्ये त्यांना स्थान नाही. तेथे दोषी दिसते ती पायरीवरची आई. व्यसनाचे चित्र जितके प्रभावी, तितकी त्यामागील आर्थिक कारणे नजरेआड होण्याचा धोका अधिक, हे या चित्रावरून लक्षात येते.

एकोणिसाव्या शतकात जॉर्ज क्रूकशँकने द बॉटल (१८४७) या आठ चित्रांच्या मालिकेत एका कुटुंबाचा मद्यामुळे झालेला नाश दाखविला. तिच्यात विनोद जवळजवळ नाही. मद्यपानबंदीच्या चळवळीला ती साहाय्यभूत झाली.

भारतात त्याच शतकात कोलकात्याच्या कालीघाट चित्रांनी विलासी ‘बाबूं’ची टर उडविली. महाराष्ट्रात पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने (स्थापना १८७८) व मुंबईत १८९४ मध्ये निघालेल्या रविवर्मा छापखान्याने भिंतीवरील छापील तसबीर घरोघरी नेली. तथापि तिचे विषय मुख्यतः देवदेवता, पौराणिक प्रसंग व ऐतिहासिक पुरुष हेच राहिले. व्यसनाच्या अधःपाताचे क्रमवार दर्शन मराठी समाजाला घडले ते रंगभूमीवर. राम गणेश गडकरी यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रंगमंचावर आलेल्या एकच प्याला या नाटकात सुधाकराचा पहिल्या पेल्यापासून सर्वनाशापर्यंतचा प्रवास आहे. ‘आर्यमदिरामंडळा’च्या प्रसंगांत उपरोध आहे आणि सिंधूच्या संसारात त्याची किंमत मोजली जाते. हॉगर्थ आपल्या चित्राला रंगमंच व त्यातील स्त्रीपुरुषांना नट मानीत असे. इंग्लंडमध्ये चौकटीतील चित्राने केलेले कार्य महाराष्ट्रात मुख्यतः नाटकाने केले.