दरबारी रंजनाचे दफ्तर

युरोपीय प्रबोधनकाळातील कलेचा इतिहास लिहिणाऱ्या पंडितांची दृष्टी दीर्घकाळ चित्र, शिल्प आणि वास्तू या टिकाऊ कृतींवरच खिळलेली होती. जे एका सोहळ्यापुरते उभारले गेले, दिव्यांच्या झगमगाटात राजेरजवाड्यांसमोर मिरवले आणि मग मोडून टाकले गेले, ते त्यांना गौण वाटे. इतिहासकार याकोब बुर्कहार्टने १८६० साली आपल्या ग्रंथात उत्सवांना मानाचे स्थान दिले हे खरे. परंतु अशा सोहळ्यांच्या जमाखर्चात शिरून त्यांतून कलेचा इतिहास वाचण्याचे कार्य आबी वारबुर्ग याने केले.

वारबुर्ग १८६६ साली हांबुर्गच्या एका सधन ज्यू पेढीवाल्या घराण्यात जन्मला. तेराव्या वर्षी त्याने आपला थोरलेपणाचा हक्क धाकट्या भावाला, माक्सला, देऊन टाकला आणि मोबदल्यात हवी ती पुस्तके आयुष्यभर घेऊन देण्याचे वचन घेतले, ही हकीकत पुढे माक्सनेच सांगितली. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्याने बोत्तिचेल्लीच्या चित्रांतील वाऱ्यावर उडणारे केस आणि फडफडणारी वस्त्रे यांचे मूळ प्राचीन काव्यांत व शिल्पांत शोधले. आणि तशा अप्सरा चित्रकारांना समकालीन मिरवणुकांत व नाट्यप्रयोगांत प्रत्यक्ष वावरताना दिसत असत, हेही ओळखले.

त्याचे खरे धाडस मात्र १८९५ च्या निबंधात आहे. १५८९ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो मेदिची आणि लोरेनची क्रिस्तीना यांच्या विवाहात, फ्लॉरेन्समधील उफित्सीच्या नाट्यगृहात, एका विनोदी नाटकाच्या आरंभी, अंकांच्या मध्यंतरी आणि शेवटी सहा संगीतप्रवेश सादर झाले. त्यांची कल्पना जोव्हान्नी दे बार्दी या विद्वान सरदाराची, यंत्रे व वेष बेर्नार्दो बुओन्तालेंती याचे, आणि देखरेख एमिलिओ दे काव्हालिएरी याची. वारबुर्गने बुओन्तालेंतीची वेषचित्रे, ज्यांवर गायकांची नावेही टिपलेली आहेत, ती त्या काळच्या छापील वर्णनाशी आणि दफ्तरातील हिशेबाच्या वहीशी ताडून पाहिली. पहिल्या प्रवेशात प्लेटोच्या संवादातील नियतिदेवता आणि ग्रहमंडलांवर गाणाऱ्या सायरेन अवतरत. तिसऱ्यात अपोलो अजगराचा वध करी. बार्दीने प्रत्येक रंगाला आणि अलंकाराला ग्रंथाधार दिला होता, परंतु बहुतेक प्रेक्षक ते पांडित्य न उमगता केवळ थाटमाटाने दिपून गेले. या प्रवेशांत गाणाऱ्या याकोपो पेरीने पुढे १६०० साली ‘एउरिदीचे’ हे संगीतनाटक रचले. मूक रूपकाकडून उत्कट गायनाकडे जाण्याचा मार्ग वारबुर्गला या कापडचोपडाच्या हिशेबांत दिसला. शिंप्याच्या टिपणाला अभिजात ग्रंथाइतक्या आदराने वाचणारा हा निबंध मला त्याच्या साऱ्या लेखनात सर्वांत फलदायी वाटतो.

विद्यापीठीय पदाचा मोह त्याला झाला नाही. १९१२ साली हाल येथील अध्यापकपद त्याने नाकारले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जडलेल्या मानसिक व्याधीने त्याची कित्येक वर्षे खाल्ली, तरी त्याचे हांबुर्गमधील ग्रंथालय त्याचा सहकारी फ्रित्स झाक्सल याने सांभाळले. वारबुर्ग १९२९ साली वारला. नाझी अंमल येताच, १९३३ च्या डिसेंबरात, सुमारे साठ हजार ग्रंथ दोन जहाजांतून लंडनला हलविण्यात आले, आणि १९४४ पासून ते ग्रंथालय लंडन विद्यापीठाचा भाग आहे.