काका गेले की आहेत?

समजा, रात्री दोन वाजता मुंबईहून फोन आला, "काकांचा ब्रेन डेड झालाय म्हणतात, पण हृदय चालू आहे. काय करायचं?" इथे रीडिंगमध्ये बसून तुम्ही काय समजाल? काका गेले की आहेत?

मुंबईला हा प्रश्न जुना आहे. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. पण पेच उघड झाला होता: हृदय द्यायचं तर दाता मृत हवा, आणि मृत्यूची खूण तर हृदय थांबणं हीच! त्याच ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले. ब्रिटनमध्ये १९७६ साली रॉयल कॉलेजांनी ब्रेनस्टेम, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा खालचा भाग, निर्णायक मानला. इथे मृत्यूची व्याख्या संसदेने कधीच केली नाही. न्यायालयांनी डॉक्टरांची व्याख्या स्वीकारली.

भारतात ब्रेनस्टेम मृत्यू कायद्यात आला तो १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातून: चार डॉक्टर आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा मात्र 'जीवनाची सर्व लक्षणं कायमची नाहीशी होणं' एवढंच सांगतो. म्हणून नातेवाइकांनी अवयवदानाला नकार दिला, की व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात.

आता पुन्हा केईएम. नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यानंतर तिथल्या परिचारिका अरुणा शानभाग ४१ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. लोक त्यांनाही 'ब्रेन डेड' म्हणत. पण त्या स्वतः श्वास घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी स्पष्ट केलं, की त्या मृत नाहीत. त्या निकालात हिल्सबरो दुर्घटनेतल्या टोनी ब्लँडवरचा १९९३ चा ब्रिटिश निवाडा विस्ताराने चर्चिला आहे. उपचार थांबवावेत का, हा प्रश्न जिवंत माणसाबद्दलचा असतो. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या, तोवर केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं.

तेव्हा तसा फोन आला तर आधी एवढंच विचारा: "ब्रेनस्टेमच्या दोन्ही तपासण्या झाल्या का?" झाल्या असतील आणि डॉक्टरांनी मृत्यू प्रमाणित केला असेल, तर काका गेले, धडधडतंय ते यंत्राच्या श्वासावर. नसतील, तर काका अजून रुग्ण आहेत. मग घाईने काही ठरवू नका.