नोटेचीं दोन अर्धुकें

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एखादी सरकारी नोट जेव्हां जुन्या पेटींतून किंवा वहीच्या पानांतून बाहेर येते, तेव्हां ती पुष्कळदां अखंड नसते. मधोमध कात्रीनें कापलेली, आणि मागल्या कोऱ्या बाजूस कागदाची पट्टी डकवून पुन्हां सांधलेली, अशी ती असते. नवशिका संग्राहक ती फाटकी समजून बाजूस सारतो. जाणता संग्राहक मात्र तीच प्रथम उचलतो. कारण ती चीर अपघाताची नसून त्या काळच्या देवघेवीची साक्ष आहे.

ती साक्ष समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. त्या काळचा रुपया चांदीचा, एक तोळा वजनाचा. हजार रुपये म्हणजे हजार तोळे, अर्थात् साडेबारा शेर ओझें. एवढी रक्कम परगांवीं न्यावयाची तर वाहन हवें, सोबत हवी आणि वाटेची धास्ती ती निराळीच. व्यापारी मंडळी हुंडीवर काम भागवीत. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील प्रेसिडेन्सी बँका स्वतःच्या नोटा काढीत; पण त्यांची चाल मुख्यतः त्या त्या शहरापुरतीच होती. सत्तावनच्या उठावानंतर सरकारी तिजोरी सांवरण्यासाठीं आलेल्या जेम्स विल्सन या अर्थमंत्र्यानें १८६० सालीं सरकारी नोटांची योजना मांडली. त्याच वर्षीं ऑगस्टांत तो कलकत्त्यास वारला. पुढें १८६१ चा कायदा होऊन १ मार्च १८६२ पासून तो अमलांत आला, आणि खाजगी बँकांचा नोटा काढण्याचा हक्क संपला. चार कोटि रुपयांपर्यंतच्या नोटांस सरकारी रोख्यांचा आधार पुरे. त्यापुढील प्रत्येक नोटेमागें नाणें किंवा धातु तिजोरींत असलाच पाहिजे, असा त्या कायद्याचा दंडक होता.

पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचें चित्र होतें. त्या इंग्लंडांत हातानें बनविलेल्या कागदावर एकाच बाजूस छापीत. परंतु खोट्या नोटांचा सुळसुळाट झाल्यामुळें १८६७ पासून चित्र काढून टाकून अक्षरांखालीं रंगीत नक्षी असलेल्या नव्या नोटा निघूं लागल्या. कागद उजेडापुढें धरला म्हणजे आंतील नागमोडी रेषांचें जलचिन्ह दिसे. रक्कम अनेक देशी लिप्यांतून लिहिलेली असे, आणि त्या लिप्या प्रांतपरत्वें बदलत. किंमती दहा रुपयांपासून दहा हजारांपर्यंत होत्या. पांचाची नोट १८७१ च्या कायद्यानें आली. ज्याचा महिन्याचा पगारच पांच-सहा रुपये, त्या मजुराच्या हातीं असली नोट क्वचितच पडली असेल.

या नोटांचा खरा विशेष मात्र त्यांच्या हद्दींत आहे. नोटेवर मागतांक्षणीं पैसे देण्याचें वचन असे आणि तें कोणत्या ठिकाणीं पुरें व्हावयाचें, त्या ठिकाणाचें नांवहि असे. देशाचे निरनिराळे विभाग पाडलेले होते; त्यांस ‘सर्कल’ म्हणत. मुंबई सर्कलची नोट कलकत्त्यांत कायद्यानें चलन नव्हे. तेथील सराफाकडे ती मोडावयाची तर बट्टा सोसावा लागे. वचन एकाच सरकारचें. पण तें आगगाडीच्या उताराइतकेंहि दूर जात नसे! मोठ्या सर्कलांखालीं कांहीं काळ नागपूर आणि अकोला येथूनहि नोटा निघत. अकोल्याचें नांव असलेली नोट आज अतिशय दुर्मिळ आहे. ही हद्द तुटूं लागली ती १९०३ सालीं, पांचाच्या नोटेपासून. पुढें १९११ पर्यंत दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटाहि सर्व देशभर चालूं लागल्या.

आतां त्या कापलेल्या नोटेकडे वळूं. समजा, मुंबईच्या एका पेढीस सोलापूरच्या अडत्याकडे शंभर रुपये पाठवावयाचे आहेत. नोट धारण करील त्याचा पैसा. ती वाटेंत नाहींशी झाली तर दाद कोणाकडे मागावी? म्हणून मुनीम नोटेचा क्रमांक वहींत टिपून घेई, नोट मधोमध कापी आणि एक अर्धुक टपालानें धाडी. तें पोंचल्याचें उत्तर आलें म्हणजे मगच दुसरें अर्धुक रवाना होई. चोरास एकट्या अर्धुकाचा उपयोग नव्हता. सोलापुरास दोन्ही हातीं आलीं कीं क्रमांक जुळवून तीं चिकटवावयाचीं आणि नोट पुन्हां चालती व्हावयाची. १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डरची सोय केली, तरी मोठ्या रकमांसाठीं ही चाल पुढेंहि पुष्कळ वर्षें राहिली. सरकारच्या वचनावर भरंवसा होता; वाटेवर नव्हता. म्हणून लोकांनीं कात्रीनें आपली सुरक्षितता आपणच निर्माण केली.

असल्या नोटा जमविणारानें काय पाहावें, तें यावरून उघड होईल. दोन्ही अर्धुकांवरील क्रमांक एकच आहे ना, हें प्रथम पाहावें; दोन निरनिराळ्या नोटांचे तुकडे सांधून विकणारेहि असतात. मग सर्कलचें नांव, तारीख, सही आणि लिप्या पाहाव्या. कोऱ्या पाठीवर कोणी सह्या केलेल्या असतात, पेढ्यांचे शिक्के असतात. टांचणीचीं छिद्रें असतात. हे डाग नव्हेत, हा त्या नोटेचा प्रवास आहे. हौसेनें नोट धुऊन काढणें, इस्त्री फिरविणें किंवा जुनी पट्टी सोडवून नवी चिकटपट्टी लावणें, यानें नोट देखणी होत असेल, पण मुकी होते. पुसलेली सही पुन्हां कोणी लिहूं शकत नाहीं.

पुढें १९२३ पासून राजाच्या चित्राच्या नोटा आल्या, १९२८ पासून नाशिकास छपाई सुरू झाली आणि १९३५ सालीं रिझर्व्ह बँक स्थापन होऊन सरकारनें हें काम तिच्याकडे सोंपविलें. जुन्या नोटा परत आल्या तशा रद्द करून नष्ट करण्यांत आल्या. त्या वचनाचें सार्थक नोट परत येण्यांतच होतें. म्हणून जी आज उरली आहे, ती म्हणजे कोणीं तरी मागावयाचें राहून गेलेलें देणें. कोणा मुनीमाच्या कात्रीची खूण जर तिच्यावर असेल, तर दोन अर्धुकें दोन वेळां वाट चालून एकत्र आलीं, एवढें तरी निश्चित कळतें. ती खूण जशी आली तशीच पुढच्या पिढीच्या हातीं देणें, हें संग्राहकाचें पहिलें काम होय.