एका फोटोवरून झालेलं भांडण

मंडळी, भारतातून आजी-आजोबा आले की बे एरियातली आपली गाडी एकदा तरी रेडवूडच्या दिशेने वळतेच. फेल्टनच्या हेन्री कॉवेल पार्कमध्ये आपण माना वर करून हवे तेवढे फोटो काढतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच झाडांचे फोटो काढले म्हणून एकाला दम भरला गेला होता. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

अँड्र्यू हिल हा सॅन होजेचा चित्रकार आणि फोटोग्राफर. १९०० च्या सुमारास एका इंग्रजी मासिकासाठी तो कॅमेरा घेऊन फेल्टनच्या त्या शांत राईत आला. राई तेव्हा खासगी होती; झाडं बघायला पैसे पडायचे. फोटो काढून झाल्यावर मालकाने निगेटिव्ह मागितल्या. हिलने साफ नकार दिला आणि चिडूनच घरी निघाला. वाटेत त्याच्या डोक्यात एकच विचार: हजार वर्षांहून जुनी झाडं एका माणसाची कशी? ती सगळ्यांची हवीत, पुढच्या पिढ्यांचीसुद्धा.

आजूबाजूची जंगलं तर झपाट्याने तुटत होती. घरं, रेल्वेचे स्लीपर, सगळ्याला रेडवूडच लागायचं.

हिल नुसता चिडून बसला नाही. मे १९०० मध्ये त्याच्या खटपटीने स्टॅनफर्डमध्ये बैठक झाली. मग काही स्त्री-पुरुष बिग बेसिनचं न तोडलेलं जंगल बघायला गेले. तिथेच मुक्कामात टोपी फिरवून ३२ डॉलर जमले आणि सेम्परव्हायरेन्स क्लब स्थापन झाला. पुढे हिलचे फोटो सॅक्रामेंटोत आमदारांपर्यंत पोचले. जे कधी या जंगलात आले नव्हते, त्यांना झाडं केवढी आहेत ते फोटोतच दिसलं. १९०१ मध्ये अडीच लाख डॉलर मंजूर झाले, १९०२ मध्ये बिग बेसिनचा पार्क झाला. कॅलिफोर्नियातला आजचा सर्वांत जुना स्टेट पार्क तोच.

आणि भांडणाची ती राई? १९३० मध्ये काउंटीने विकत घेतली, १९५४ पासून तीही स्टेट पार्कमध्ये आहे.

२०२० च्या वणव्यात बिग बेसिन जवळजवळ सगळं होरपळलं. तरी काळ्या पडलेल्या खोडांना पुन्हा हिरवे कोंब फुटले आहेत.

पुढच्या वेळी मुलं 'झाडंच तर आहेत' म्हणाली, तर त्यांच्या हातात फोन द्या आणि विचारा: तुला इथे फोटो काढू नको असं कुणी सांगितलं, तर तू काय करशील?